एक वर्ष पुढे असलेला मुलगा : शतकमध्यातील अमेरिकी कॉलेजे आणि सैनिकी अकादमी

विसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे साधारण १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांत, अमेरिकेतला अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून कॉलेजात किंवा सैनिकी अकादमीत दाखल झाला की पहिल्या दिवशी त्याचा ताबा कोण घेत असे? कॉलेजचे अध्यक्ष दूरच असत, प्राध्यापकांची गाठ तास सुरू झाल्यावर पडे. दारात उभा असे तो एक-दोन वर्षे आधी आलेला विद्यार्थी. कसे उभे राहायचे, कोणती टोपी घालायची, कुठल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, कुणाला 'सर' म्हणायचे आणि कुणाशी बोलायचेच नाही, हे सारे नवख्याला त्याच्याकडून कळे. संस्थेची नियमपुस्तिका त्याच्या मागून येई.

या काळातल्या अमेरिकी विद्यार्थिजीवनाबद्दल लिहिताना फुटबॉल, नाचाच्या संध्याकाळी, फ्रॅटर्निटी आणि पुढची साठच्या दशकातली आंदोलने यांवर भर दिला जातो. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांच्या बुडाशी एक साधी व्यवस्था होती आणि ती लक्षात घेतल्याखेरीज बाकीचे नीट उलगडत नाही, असे माझे मत आहे. संस्था आपल्या सत्तेचा मोठा वाटा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडे सोपवत असे आणि ते ती खालच्या वर्गावर चालवत. शिस्त, अभिमान, लाज, मैत्री हे सगळे याच वाटेने खाली उतरत असे. ही व्यवस्था कुठे टिकली, कुठे मोडली आणि कुठे तिच्या चालकांवरच उलटली, ते आता पाहू.

हडसनकाठची अकादमी

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या वळणावर असलेली वेस्ट पॉइंटची अकादमी १८०२ सालची. तिला घडण दिली सिल्व्हेनस थेअर याने. १८१७ ते १८३३ या काळात तो तिथला सुपरिंटेंडंट होता. त्याची अध्यापनपद्धती १९५० मध्येही जवळपास तशीच चालू होती. बारा-पंधरा कॅडेटांची एक तुकडी, भिंतींभर फळे. प्रशिक्षकाने हुकूम दिला की प्रत्येकाने आपापला फळा गाठायचा, नाव लिहायचे, उदाहरण सोडवायचे आणि मग हाती काठी घेऊन ते सर्वांना समजावून सांगायचे. गुण रोजच्या रोज. पूर्ण गुण तीन, पास व्हायला दोन. मधली सारी झुंज दशांशांची. गुण फलकावर लागत आणि त्यांनुसार कॅडेट वरच्या किंवा खालच्या तुकडीत जाई. अभ्यासक्रम जवळजवळ सगळ्यांना एकच होता, परकी भाषा कोणती घ्यायची एवढीच काय ती निवड. एका वर्गातली सगळी मुले एकाच आठवड्यात एकाच धड्यावर असत. ही बाब ध्यानात ठेवावी, पुढे १९५१ मध्ये सगळा प्रकार तिच्याभोवती फिरला.

वर्गाबाहेरचे शिक्षण मात्र प्रशिक्षकांच्या हाती नव्हते. पहिल्या वर्षाचा कॅडेट म्हणजे 'प्लीब', दुसऱ्याचा 'यर्लिंग', तिसऱ्याचा 'काऊ' आणि चौथ्याचा 'फर्स्टी'. जुलैत दाखल झालेल्या प्लीबचा पहिला उन्हाळा 'बीस्ट बॅरॅक्स' या नावाने ओळखला जाई आणि तो चालवत फर्स्टी. हनुवटी गळ्यात रुतेपर्यंत मागे घेऊन, खांदे मागे ओढून, पाठीचा कणा ताठ ठेवून उभे राहणे, याला 'ब्रेसिंग' म्हणत. प्लीबला उत्तरे तीनच: 'होय सर', 'नाही सर', 'सबब नाही सर'. बूट का चमकत नाहीत याला कारण असू शकते, पण ते सांगायची मुभा नव्हती. त्याशिवाय पाठांतर. कुलम हॉलमध्ये दिवे किती? तीनशे चाळीस, सर. असल्या प्रश्नांना उपयोग शोधत बसण्यात अर्थ नाही. वरच्या वर्गातल्या मुलाने विचारले की क्षणात आणि शब्दशः उत्तर यावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

भोजनगृहातले दृश्य तर जवळून पाहण्यासारखे आहे. वॉशिंग्टन हॉलमध्ये सगळे कॅडेट एकाच वेळी जेवत, दहा-दहा जणांच्या टेबलांवर. प्लीब टेबलाच्या शेवटच्या टोकाला, खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पाठ सरळ, नजर ताटात. घास लहान, कारण कुणी प्रश्न विचारला तर तोंड रिकामे हवे. एकाकडे कॉफी, एकाकडे थंड पेये, तिसऱ्याकडे येणारे पदार्थ वर पाठवायचे काम. शेवटी गोड पदार्थ आला की टेबलावर जितकी माणसे तितके अगदी सारखे तुकडे त्यानेच कापायचे. तुकडे लहानमोठे झाले की त्याच्यावर बोलणी बसत. अठरा वर्षांचा भुकेला मुलगा रोज तीन वेळा या परीक्षेला बसे आणि पुष्कळदा अर्धपोटी उठे. पहिल्या वर्षीच्या नाताळात बाकीचे कॅडेट घरी जात, प्लीब तिथेच राहत.

आणि मग जूनमध्ये, पदवीदानाच्या आठवड्यात, 'रेकग्निशन'. संचलन संपल्यावर वरच्या वर्गातली मुले प्लीबांच्या रांगेवरून जात, प्रत्येकाचा हात हातात घेत आणि स्वतःचे पहिले नाव सांगत. अकरा महिने ज्याला 'सर' म्हटले तो त्या क्षणी बरोबरीचा होई. अनेक अधिकाऱ्यांनी पुढे लढाईत पदके मिळवली, तरी आठवणी लिहिताना ते या हस्तांदोलनावर रेंगाळतात. त्यांना तसे का वाटावे, याचा विचार समाजशास्त्रज्ञांनी या काळातच सुरू केला होता.

सॅनफर्ड डॉर्नबुश याने १९५५ साली कनेक्टिकटमधल्या तटरक्षक दलाच्या अकादमीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याला आधार होता स्वतः तिथे कॅडेट म्हणून काढलेल्या महिन्यांचा. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा: अकादमी आधी मुलाची जुनी ओळख पुसते. घरची श्रीमंती, बापाचा हुद्दा, गाव यांविषयी बोलणे निषिद्ध असते. बाहेरून येणारा पैसाही चालत नाही. सगळ्यांना एकच पायरी मिळते, आणि ती सगळ्यांत खालची असते. मग जो छळ होतो तो एकट्याचा राहत नाही, तो साऱ्या वर्गाचा होतो आणि वर्ग त्यातून जोडला जातो. शिवाय छळणारा तोच असतो ज्याने गेल्या वर्षी हेच सोसले. म्हणून त्याच्याविषयी राग असला तरी त्याच्यासारखे व्हायची आसही असते. चार वर्षांनी एलियट ॲरनसन आणि जडसन मिल्स यांनी कॉलेजातल्या मुलींवर एक प्रयोग केला. एका गटात प्रवेश मिळवण्यासाठी ज्यांना अवघड, लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, त्यांना त्या गटाची कंटाळवाणी चर्चाही बाकीच्यांपेक्षा अधिक रोचक वाटली. ज्याची किंमत भारी मोजली ते भारीच असले पाहिजे, असे मन आपल्याला पटवते.

मला या दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य वाटते, पण एक गोष्ट त्यांतून निसटते. ही व्यवस्था चालायला नवख्याची संपूर्ण परावलंबी स्थिती लागते. वेस्ट पॉइंटचा कॅडेट अविवाहित असायचा. त्याचे जेवण, गणवेश, पगार, भावी नोकरी सगळे एकाच हातून मिळे. दाराबाहेर त्याचे दुसरे आयुष्य नव्हते. ही अट जिथे ढिली झाली तिथे व्यवस्थाही ढिली झाली, हे पुढे दिसेलच.

दोन निष्ठा

वेस्ट पॉइंटची दुसरी ओळख म्हणजे ऑनर कोड. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही. हा आचार जुना असला तरी त्याला विद्यार्थ्यांच्या समितीचे अधिकृत रूप मिळाले १९२२ मध्ये, डग्लस मॅकार्थर सुपरिंटेंडंट असताना. प्रत्येक कंपनीतून कॅडेटच निवडून येत आणि आरोपीचा निवाडा तेच करत. रात्रीच्या पाहणीत अधिकारी दाराशी येऊन 'ऑल राइट?' एवढेच विचारी. आतून तेच शब्द परत आले की त्याचा अर्थ, सर्व जण परवानगीच्या हद्दीत आहेत असा कॅडेटने शब्द दिला. अधिकारी आत पाहत नसे. एवढा विश्वास ज्या संस्थेत चालतो तिच्याविषयी आदर वाटावा यात नवल नाही, आणि तो मलाही वाटतो.

दुसऱ्याची लबाडी ठाऊक असून गप्प राहणारा कॅडेटही दोषी, हे कलम लेखी कोडमध्ये १९७० मध्ये आले. व्यवहारात ते त्याआधीच पाळले जाई. इथेच पेच होता. ज्या प्लीबला अकरा महिने शिकवले की वर्गबंधूला सांभाळ, एकाची चूक सर्वांची, एकटा तू कुणी नाहीस, त्याच्याकडून कोड अपेक्षा करी की त्याने त्याच वर्गबंधूचे नाव समितीपुढे घ्यावे. पहिली शिकवण रोज तीन वेळा टेबलावर मिळे. दुसरी व्याख्यानात.

३ ऑगस्ट १९५१ रोजी लष्कराने जाहीर केले की सुमारे ९० कॅडेटांना काढून टाकण्यात येत आहे. त्यांत फुटबॉल संघाचा मोठा भाग होता. हा संघ म्हणजे साऱ्या देशाचे कौतुक. १९४४ आणि १९४५ मध्ये तो राष्ट्रीय विजेता होता, आणि प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांचे नाव घरोघरी पोचले होते. काढलेल्यांत त्यांचा मुलगाही होता, तो संघाचा क्वार्टरबॅक. प्रकार घडला तो असा. कॅडेट दोन रेजिमेंटांत विभागलेले होते आणि बऱ्याच विषयांची तीच लेखी चाचणी एका रेजिमेंटला आज, दुसरीला उद्या दिली जाई. थेअरच्या काळात कॅडेट थोडे होते, तेव्हा एकच धडा एकच चाचणी हे सोपे होते. आता त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती, प्रश्न मात्र तेच राहिले. खेळाडूंना सरावामुळे अभ्यासाला वेळ कमी पडे. त्यांना शिकवण्यासाठी हुशार कॅडेट नेमलेले असत. आजचे प्रश्न उद्याच्या मुलापर्यंत पोचायला एक जेवण पुरत असे.

ही गोष्ट आधी काही जणांपुरती होती, मग पसरली. १९५१ च्या वसंतात एका कॅडेटने वरिष्ठांना कळवले आणि कमांडंट कर्नल पॉल हार्किन्स यांनी चौकशी सुरू केली. प्रकरणाचा फेरविचार करणाऱ्या तीन जणांच्या मंडळात लर्नेड हँड यांच्यासारखे नामवंत न्यायाधीश होते. त्यांनीही बडतर्फीच योग्य ठरवली. प्रशिक्षक ब्लेक अखेरपर्यंत म्हणत राहिले की ही मुले चारित्र्याने चांगली आहेत. वृत्तपत्रांना तो बापाचा आणि कोचचा कळवळा वाटला. मला त्यात व्यवस्थेविषयीचे एक खरे निरीक्षण दिसते. काढलेल्यांपैकी बहुतेकांनी चौकशीत आपण होऊन कबुली दिली होती. खोटे बोलून सुटण्याचा मार्ग त्यांच्यासमोर होता, तो त्यांनी घेतला नाही. म्हणजे कोडचा एक भाग त्यांच्यात भिनला होता. मित्राविरुद्ध बोलण्याचा भाग भिनला नव्हता, कारण अकादमीने स्वतःच त्याच्या उलट संस्कार त्यांच्या अंगी मुरवला होता.

पुढच्या हंगामात वेस्ट पॉइंटचा संघ नऊपैकी सात सामने हरला. प्रश्नपत्रिकेच्या व्यवस्थेइतकी साधी गोष्ट आधी सुधारली असती तर किती जणांची आयुष्ये वाचली असती, हा विचार मनातून जात नाही. मुलांना शिक्षा झाली. तीच चाचणी दोन दिवस देणाऱ्या विभागांविषयी मात्र फारशी चर्चा झाली नाही.

मौन

समवयस्कांच्या हाती दिलेली सत्ता किती निर्दय होऊ शकते याचा पुरावा या काळाच्या थोडा आधीचा आहे. बेंजामिन ओ. डेव्हिस धाकटे १९३२ मध्ये वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाले. वडील सैन्यात कर्नल, कृष्णवर्णी. चार वर्षे त्यांच्याशी कामापलीकडे कुणी बोलले नाही. खोलीत एकटे, टेबलावर एकटे. ऑनर समितीने दोषी ठरवलेला पण बाहेर न पडणारा कॅडेट असेल तर त्याच्यावर टाकायचे बहिष्काराचे अस्त्र म्हणजे हे 'सायलेन्स'. डेव्हिस यांच्यावर आरोप कुठलाच नव्हता. १९३६ मध्ये २७६ जणांत पस्तिसावे येऊन ते बाहेर पडले, महायुद्धात टस्कीगीत तयार झालेल्या कृष्णवर्णी वैमानिकांचे नेतृत्व केले आणि १९५४ मध्ये हवाई दलातले पहिले कृष्णवर्णी जनरल झाले. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून पहिला कृष्णवर्णी पदवीधर, वेस्ली ब्राउन, १९४९ मध्ये बाहेर पडला. त्याच्या आधी प्रवेश मिळालेल्या पाच जणांपैकी एकही तिथे टिकू शकला नव्हता.

या बहिष्काराला कुठलाही लेखी हुकूम लागत नव्हता, आणि म्हणून अधिकाऱ्यांना हात झटकता येत. मुलांनी ठरवले, आम्ही काय करणार? सत्ता सोपवण्याचा हा सोयीचा फायदा नागरी कॉलेजांनीही मनमुराद घेतला.

टोपी, घर आणि कुलूप

वेस्ट पॉइंट हे टोकाचे उदाहरण असले तरी कॉलेज आणि छावणी यांत अमेरिकेत तेवढे अंतर नव्हते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने ज्या राज्यांना कॉलेजांसाठी जमीन मिळाली, त्यांच्या कॉलेजांत लष्करी कवायतीचे शिक्षण बंधनकारक झाले. १९१६ च्या कायद्याने त्याचे आरओटीसी, म्हणजे राखीव अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण दल, झाले. यातल्या बहुतेक विद्यापीठांत पहिली दोन वर्षे मुलांना गणवेश चढवावाच लागे. शांततावादी विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तीही फेटाळली गेली. टेक्सस ए अँड एम मध्ये तर १९६५ पर्यंत मुलांना लष्करी कोअरमध्ये राहणे सक्तीचे होते.

नागरी कॉलेजातला प्लीब म्हणजे 'फ्रेशमन'. त्याच्या डोक्यावर कॉलेजच्या रंगाची छोटी बीनी टोपी, आणि ती घातली आहे की नाही हे पाहणारे दुसऱ्या वर्षाचे सोफोमोर. टोपी कधी उतरवायची याचे प्रत्येक कॉलेजचे आपापले नियम असत. कुठे शरदातल्या एखाद्या सामन्यानंतर, कुठे दोरीखेचीत सोफोमोरांना हरवल्यावर. यात गंमत होती आणि उपद्रवही, पण खोल काही नव्हते.

फ्रॅटर्निटीचे तसे नाही. दहा-बारा खोल्यांचे मोठे घर, स्वतःचा स्वयंपाकी, तीसचाळीस सभासद, त्यांनीच निवडायचे आणि त्यांनीच नाकारायचे. उमेदवाराला काही महिने 'प्लेज' म्हणून राबवत आणि शेवटच्या आठवड्यात लाकडी पॅडलचे फटके, जागरण, मूर्खपणाची कामे. विद्यापीठे हे का चालू देत? राज्य विद्यापीठांकडे वसतिगृहे अपुरी होती. इतकी मुले फ्रॅटर्निटीच्या घरांत राहत की ती बंद केली तर त्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. ज्याच्या घरात मूल राहते त्याचे नियम मूल पाळते. त्यांत वंश आणि धर्माच्या अटीही होत्या. ॲमहर्स्टमधल्या एका शाखेने १९४८ मध्ये एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याला सभासद करून घेतले, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने ती शाखाच निलंबित केली. तरुण मुले पुढे होती आणि मध्यमवयीन माजी सभासद मागे, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

मुलींची गोष्ट वेगळीच. मुलींच्या वसतिगृहात हाउसमदर असे, आपल्याकडच्या रेक्टरबाईंसारखी. दारापाशी वही. बाहेर जाताना नाव, ठिकाण, कुणाबरोबर, आणि परतल्याची वेळ लिहायची. आठवड्यात रात्री साधारण साडेदहा, शनिवारी थोडी सवलत, मग दाराला कुलूप. उशिराची मिनिटे मोजली जात आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मुलीला काही दिवस संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी. मुलांना असली वेळ बहुधा नव्हतीच. मुलींना आत ठेवले की मुले आपोआप घरी जातील, असा त्यामागचा हिशेब. पण हे मिनिटांचे हिशेब डीन ठेवत नसे. मुलींच्या स्वशासन संघटनेतल्या निवडून आलेल्या मुली ते ठेवत, सुनावणी घेत, शिक्षा देत. लोकशाहीचे शिक्षण म्हणून या संघटनांचे कौतुक होई. स्वतः न केलेला नियम स्वतःच्या मैत्रिणींवर लादण्याचे शिक्षणही त्यात होते, हे मात्र कुणी बोलत नसे. बर्नार्ड कॉलेजच्या मिरा कोमारोव्स्की यांनी १९४६ मध्ये लिहिले की हुशार मुली मित्रांसमोर मुद्दाम कमी हुशार असल्याचे भासवत. तेही एकमेकींकडून शिकलेलेच होते.

चोविशीतले फ्रेशमन

ही सगळी रचना एका अंकगणितावर उभी होती. वरच्या वर्गातला मुलगा वयाने मोठा, अनुभवाने मोठा, आणि नवखा कोवळा. १९४६ च्या शरदात हे अंकगणित कोलमडले.

२२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्याने, ज्याला सगळे जीआय बिल म्हणत, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळू लागला. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांना भीती वाटत होती की बेकारांच्या लोंढ्याने कॉलेजांची धर्मशाळा होईल. झाले भलतेच. वीस लाखांहून अधिक माजी सैनिक कॉलेजात गेले, १९४७ मध्ये विद्यार्थ्यांत ते जवळजवळ निम्मे होते, आणि त्यांचे गुण इतरांपेक्षा सरस निघाले. त्यांना ठेवायला जागा नव्हती. इलिनॉय विद्यापीठाने शिकागोत नेव्ही पिअरवर, म्हणजे सरोवरात गेलेल्या धक्क्यावर वर्ग भरवले आणि गेल्सबर्गला एका लष्करी रुग्णालयात दुसरी शाखा उघडली. ठिकठिकाणी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत आणि ट्रेलरमध्ये बायकामुलांसह विद्यार्थी राहू लागले. बायको नोकरी करून नवऱ्याचे शिक्षण चालवी, आणि कुठे कुठे कॉलेजे अशा बायकांना कौतुकाने वेगळे प्रमाणपत्रही देत. हे कौतुक बरे वाटले तरी त्याच काळात विद्यार्थ्यांमधला मुलींचा वाटा १९४० मधल्या सुमारे ४० टक्क्यांवरून १९५० पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास घसरला, हेही त्याच जमाखर्चात लिहिले पाहिजे.

आता नॉर्मंडी किंवा ओकिनावा पाहून आलेल्या चोवीस वर्षांच्या फ्रेशमनला एकोणीस वर्षांचा सोफोमोर म्हणतो, टोपी घाल. त्याने ती घातली नाही, आणि त्याला घालायला लावील असा कुणी नव्हता. त्याला वर्ग, ग्रंथालय आणि पदवी हवी होती. घरी मूल रडत होते. बीनी टोप्या पुष्कळ कॉलेजांतून या तीन-चार वर्षांत दिसेनाशा झाल्या किंवा नुसता खेळ म्हणून उरल्या. संस्थांनी हे घडवून आणले नाही. कुणी चळवळही केली नाही. दाराबाहेर दुसरे आयुष्य असलेला माणूस आत आला, एवढेच पुरेसे झाले.

माजी सैनिक १९५० पर्यंत पदव्या घेऊन गेले आणि कोवळी मुले परत आली. त्यांच्याबरोबर जुन्या रूढीही अंशतः परतल्या. १९५२ च्या वसंतात मिशिगन विद्यापीठातून सुरू झालेली मुलींच्या वसतिगृहांवर धाड घालायची लाट देशभर पसरली. कोरियात युद्ध चालू होते, आणि १९५१ पासून सैन्यभरती लांबणीवर टाकायची तर वर्गातला क्रमांक किंवा विशेष चाचणीतले गुण पाहिले जात. या पिढीला मुकी पिढी म्हणण्याची प्रथा पडली. ती मला पूर्ण मान्य नाही. ज्या मुलाच्या सहाध्यायाचे गुण त्याला युद्धावर पाठवू शकतात, त्याने गप्प राहून अभ्यास करणे समजण्यासारखे आहे.

न्यायालयात

नागरी कॉलेजांतली ही रचना शेवटी कायद्याने ढिली केली, आणि दोन्ही टोकांना गोष्ट जेवणाची निघाली. १९१३ मध्ये केंटकीतल्या बेरिया कॉलेजने विद्यार्थ्यांना बाहेरच्या खाणावळीत जायला मनाई केली. खाणावळवाल्याने दावा लावला आणि हरला. न्यायालयाने सांगितले की कॉलेज विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी असते आणि त्याच्या भल्यासाठी कुठलाही नियम करू शकते. पुढची जवळपास पन्नास वर्षे हाच पाया मानला गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णी विद्यार्थी माँटगमरीच्या न्यायालयातल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि त्यांनी जेवण मागितले. सुनावणीशिवाय काहींना कॉलेजातून काढले गेले. १९६१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक कॉलेजला आरोप सांगितल्याशिवाय आणि बाजू ऐकल्याशिवाय विद्यार्थ्याला काढता येणार नाही. आईबापाची भूमिका गेली की आईबापाच्या नावाने चालणाऱ्या कुलपांचा आणि वह्यांचाही आधार गेला. त्या एकदम संपल्या नाहीत, पण साठच्या दशकाअखेर बहुतेक कॉलेजांतून गेल्या.

अकादमींवर याचा परिणाम फार थोडा झाला. तिथे कॅडेट सैन्याच्या कायद्याखाली होता आणि दाराबाहेरचे आयुष्य अजूनही नव्हते. ही रचना भारतातही पोचली. १९४५ च्या समितीने वेस्ट पॉइंटच्या धर्तीची संयुक्त अकादमी सुचवली आणि त्यातून खडकवासल्याची प्रबोधिनी उभी राहिली. तिच्या इमारतीची कोनशिला १९४९ मध्ये नेहरूंच्या हस्ते बसली.

ज्येष्ठांवाचून

या विवेचनाची कसोटी घेणारा एक प्रसंग इतिहासाने आपल्यासमोर ठेवला आहे. १ एप्रिल १९५४ रोजी आयझेनहॉवर यांच्या सहीने हवाई दलाची स्वतंत्र अकादमी अस्तित्वात आली. ११ जुलै १९५५ रोजी डेन्व्हरजवळच्या लोरी तळावर ३०६ कॅडेटांचा पहिला वर्ग दाखल झाला. इमारती कोलोराडो स्प्रिंग्जला बांधल्या जात होत्या, त्या तीन वर्षांनी मिळाल्या. अभ्यासक्रम होता, प्राध्यापक होते, विमाने होती. वरच्या वर्गातला एकही विद्यार्थी नव्हता.

चालकांनी त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी तरुण लेफ्टनंट आणले, त्यांतले बरेच वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिसचे ताजे पदवीधर, आणि त्यांना एअर ट्रेनिंग ऑफिसर हे नाव दिले. त्यांनी अधिकारी म्हणून वागायचे नव्हते. ज्येष्ठ कॅडेट जसा टेबलावर ओरडतो, हनुवटी मागे घ्यायला लावतो, पाठांतर घेतो, तसे त्यांनी करायचे होते. पहिल्या वर्गासाठी फर्स्टी तयार करून आणावे लागले, कारण त्यांच्याशिवाय अकादमी कशी चालवायची हे कुणालाच माहीत नव्हते. १९५९ मध्ये त्या ३०६ पैकी २०७ जण पदवीधर झाले. जाण्याआधी त्यांनीच आपला ऑनर कोड लिहिला आणि त्यात, वेस्ट पॉइंटने लेखी करण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याची लबाडी खपवून न घेण्याचे कलमही घातले.

१९६५ च्या आरंभी याच अकादमीत चोरलेल्या परीक्षांचे प्रकरण उघड झाले आणि १०९ कॅडेटांनी राजीनामे दिले. पुन्हा त्यांत फुटबॉल संघातली बरीच मुले होती. त्यांतल्या काहींनी प्रश्नपत्रिकेला हातही लावला नव्हता. त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी मित्रांची नावे घेतली नव्हती.